लिंक्सचे जंगल आणि ‘हानी’ची व्याख्या : फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला खुले पत्र

डुलुथ, मिनेसोटा
10 मे 2025

प्रति,
मा. संचालक व अधिकारीवर्ग,
फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस,
वॉशिंग्टन डी. सी.

विषय : संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या नियमांतील ‘हानी’ या शब्दाची व्याख्या रद्द करण्याच्या प्रस्तावास हरकत, आणि त्या निमित्ताने कॅनडा लिंक्सच्या अधिवासाबाबत विनंती.

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या 17 एप्रिलला आपल्या सेवेने आणि सागरी मत्स्यसेवेने मिळून एक प्रस्ताव प्रसिद्ध केला. 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखालील नियमांत ‘हानी’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती काढून टाकावी, एवढेच त्यात म्हटले आहे. हरकती नोंदवण्याची मुदत 19 मे रोजी संपते. माझी हरकत मी इंग्रजीत रीतसर नोंदवली आहे. तेच म्हणणे येथे मराठीत, उघडपणे आणि जरा सविस्तर मांडत आहे, कारण मिनेसोटा, मेन, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत अनेक मराठी कुटुंबे राहतात, शरद ऋतूत पानांचे रंग पाहायला याच जंगलांच्या रस्त्यांनी जातात, येथे मतदान करतात, आणि त्यांतील पुष्कळांना आपल्या राज्यात लिंक्स नावाचे, याच कायद्याने संरक्षण दिलेले रानटी मांजर राहते हेही ठाऊक नसते. मलाही पहिली काही वर्षे ते ठाऊक नव्हते.

मी शास्त्रज्ञ नाही. डुलुथला येऊन मला चौदा वर्षे झाली. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी सुपीरियर राष्ट्रीय वनात, इझाबेला गावाच्या उत्तरेला, पायांना स्नोशू, म्हणजे बर्फावर चालायचे रुंद जोडे, बांधून हिंडते. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या झाडोऱ्यात मला पहिल्यांदा लिंक्सचा माग दिसला. पाऊल माझ्या तळहाताएवढे रुंद आणि वाटोळे होते, पण कडा अस्पष्ट होत्या, कारण लिंक्सच्या तळपायांवर हिवाळ्यात दाट केस असतात. नखांची खूण कुठेच नव्हती. शेजारून एक कोयोटी, म्हणजे लांडग्याच्या कुळातला लहान प्राणी, गेला होता आणि तो पोटापर्यंत रुतत, बर्फ नांगरत गेल्यासारखा दिसत होता. लिंक्सचे पाऊल मात्र जेमतेम चार बोटे खोल उमटले होते. दहा किलोच्या आसपास वजनाचे हे जनावर, आणि त्याचे पंजे त्याच्या अंगाच्या मानाने इतके मोठे, की आपल्याच आकाराच्या बॉबकॅट या चुलत भावंडाला जेथे पाऊल टाकवत नाही तेथे ते सहज चालते. तो माग सरळ रेषेत नव्हता. सशांच्या एका पायवाटेवरून दुसरीवर, तेथून तिसरीवर, मध्येच एका पडलेल्या खोडावर चढून थांबलेला, असा तो जात होता.

त्याच जागी मी पुढे जुलैत पुन्हा गेले. तेव्हा फरच्या आणि विलोच्या डहाळ्या माझ्या कमरेइतक्या उंचीवर तिरक्या, स्वच्छ कापलेल्या दिसल्या, जणू कुणी धारदार सुरीने छाटल्या असाव्यात. हरणाने खाल्लेली डहाळी अशी नसते. हरणाला वरचे पुढचे दात नसल्यामुळे ती तुटून चिंध्या झालेली दिसते. तिरकी काप ही सशाची असते. जमिनीवर उभा राहिलेला ससा कमरेपर्यंत पोहोचू शकत नाही. तो बर्फावर उभा होता. हिवाळ्यात तेथे बर्फ किती साचला होता आणि त्या बर्फावर उभे राहून सशाला काय खायला मिळत होते, या दोन्ही गोष्टी त्या डहाळीवर लिहिलेल्या होत्या. आपल्यासमोर मला जे मांडायचे आहे ते सारे या एका डहाळीशी येऊन मिळते, म्हणून तिचा उल्लेख आधी केला.

कॅनडा लिंक्स बहुतांशी एकाच प्राण्यावर जगतो. तो प्राणी म्हणजे स्नोशू ससा, ज्याचे मागचे पाय बर्फावर चालण्याच्या जोड्यांसारखे रुंद असतात आणि जो हिवाळ्यात पांढरा व उन्हाळ्यात तपकिरी होतो. लाल खारी, रानकोंबडीच्या जातीचे ग्राउज पक्षी, क्वचित मेलेले हरीण हेही लिंक्स खातो. पण ससे नसतील तर त्याला पिल्ले वाढवता येत नाहीत. हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांवरून चार्ल्स एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी 1942 मध्ये दाखवून दिले की कॅनडात लिंक्सची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने वर जाते आणि कोसळते. सशांची संख्या आधी कोसळते, लिंक्सची तिच्या मागोमाग. सुकाळात मादीला चार-पाच पिल्ले होतात. दुष्काळाच्या वर्षी झालेली पिल्लेही जवळजवळ सगळी मरतात, आणि मोठी जनावरे शेकडो किलोमीटर भटकत निघतात.

हे चक्र नेमके कशाने चालते, हे कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनमधील क्लुआनी येथे चार्ल्स क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 पासून दहा वर्षे जंगलातच प्रयोग करून पाहिले. काही तुकड्यांत त्यांनी सशांना जादा अन्न पुरवले, तेथे सशांची घनता सुमारे तिप्पट झाली. काही तुकड्यांना विजेचे कुंपण घालून शिकारी प्राण्यांना अडवले, तेथे ती दुप्पट झाली. जेथे दोन्ही केले तेथे मात्र ती 11 पट झाली. म्हणजे अन्न आणि आसरा यांची नुसती बेरीज होत नाही, परिणाम गुणाकारापेक्षाही मोठा होतो. मला हा निष्कर्ष या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सशाच्या बाबतीत अन्न आणि आसरा या दोन वेगळ्या वस्तूही नाहीत: ज्या दाट, जमिनीपर्यंत फांद्या आलेल्या कोवळ्या झाडोऱ्यात तो लपतो, त्याच्याच डहाळ्या तो खातो. झाडोरा विरळ केला तर त्याचे ताट आणि त्याचे छप्पर एकदम जाते. पुढे याच भागातील संशोधनात असेही दिसले की शिकाऱ्यांच्या सततच्या भीतीने सशाच्या मादीच्या शरीरात जो ताण निर्माण होतो तो पिल्लांपर्यंत पोहोचतो, आणि शिकारी कमी झाल्यावरही सशांची संख्या लवकर सावरत नाही.

आता हे लक्षात घ्यावे की युकॉन ही लिंक्सच्या राज्याची राजधानी आहे आणि आमची जंगले ही त्याची दक्षिण सीमा आहे. येथे सूचिपर्णी अरण्य सलग नाही. मध्ये पानगळीची झाडे, दलदली, रस्ते, शेते, वसत्या येतात, आणि पश्चिमेकडे तर ते डोंगरमाथ्यांपुरते उरलेले आहे. सशांची घनता येथे एरवीही कमी असते आणि मोठे चढउतार क्वचितच होतात. युकॉनमधले दुष्काळाचे वर्ष हे वॉशिंग्टनच्या डोंगरांतल्या लिंक्सचे नेहमीचे वर्ष असते, असे तेथील अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. ज्याच्या गाठीला काही शिल्लक नाही अशा कुटुंबाला एक वाईट हंगामही बुडवतो. येथील लिंक्स तशा स्थितीत आहे. म्हणूनच त्याच्या जंगलातला थोडासा फरकही येथे जीवघेणा ठरतो.

त्यात बर्फ बदलत आहे. सशाचा रंग बर्फ पाहून बदलत नाही, दिवसाची लांबी पाहून बदलतो. बर्फ उशिरा पडला किंवा लवकर वितळला तर तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र ससा बसलेला असतो आणि तो दुरूनही दिसतो. मोंटानात मार्केटा झिमोवा, स्कॉट मिल्स आणि सहकाऱ्यांनी सशांना रेडिओ पट्टे लावून मोजले तेव्हा अशा विजोड रंगाच्या सशांचा आठवड्याचा जगण्याचा दर जास्तीत जास्त 7 टक्क्यांनी घसरलेला आढळला. आठवड्याला 7 टक्क्यांची घट म्हणजे एका हंगामात किती होतात याचा हिशेब आपल्या अधिकाऱ्यांना मी सांगायला नको. बर्फ पातळ झाला की रुंद पंजांचा उपयोगही राहत नाही, आणि बॉबकॅट उत्तरेकडे सरकतो. मिनेसोटात लिंक्स आणि बॉबकॅट यांची संकरित पिल्ले असल्याचे जनुकीय तपासणीतून 2004 मध्येच सिद्ध झाले आहे. बर्फ किती पडावा हे आपल्या सेवेच्या हातात नाही. जंगल कसे राखले जावे हे मात्र बऱ्याच अंशी आहे, आणि म्हणून मी त्या एका शब्दाकडे येते.

कायद्याने संकटग्रस्त प्राण्याच्या बाबतीत दहा कृत्ये निषिद्ध केली आहेत: सतावणे, हानी करणे, पाठलाग करणे, शिकार करणे, गोळी घालणे, जखमी करणे, मारणे, सापळ्यात पकडणे, धरून नेणे आणि गोळा करणे. यांतील ‘हानी’ म्हणजे काय, हे आपल्याच सेवेने 1975 मध्ये नियम करून सांगितले आणि 1981 मध्ये ते अधिक काटेकोर केले. अधिवासात असा लक्षणीय बदल किंवा बिघाड करणे, की ज्यामुळे प्रजनन, अन्न मिळवणे, आसरा घेणे यांसारख्या मूलभूत वागणुकीत अडथळा येऊन प्राणी प्रत्यक्ष मरतो किंवा इजा पावतो, तेही हानीत मोडते, असा त्या व्याख्येचा आशय आहे. आपला प्रस्ताव म्हणतो की यादीतली उरलेली नऊ कृत्ये थेट प्राण्यावर रोखलेली आहेत, त्यामुळे ‘हानी’चा अर्थही तसाच, थेट कृत्यापुरता घ्यावा, आणि न्यायालयांनी सरकारी खात्यांच्या अर्थाला झुकते माप देण्याची जुनी पद्धत 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढल्यामुळे हा फेरविचार आवश्यक झाला आहे.

हा युक्तिवाद मी मन लावून वाचला. त्यात तर्क नाही असे मी म्हणणार नाही; 1995 मध्ये स्वीट होम खटल्यात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आपल्या विरोधी मतात जवळजवळ हेच लिहिले होते. परंतु त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ही व्याख्या योग्य ठरवली, आणि त्या निकालाची कारणे केवळ खात्याला झुकते माप देण्यावर उभी नव्हती. एक कारण भाषेचे होते: हानी हा शब्द रोजच्या वापरात अप्रत्यक्ष नुकसानालाही लागू होतो. दुसरे कारण कायद्याच्या हेतूचे होते, कारण संकटातील प्राणी ज्या परिसंस्थांवर अवलंबून आहेत त्या टिकवण्याचे साधन पुरवणे हा या कायद्याचा हेतू म्हणून कायद्यातच लिहिलेला आहे. तिसरे कारण मला सर्वांत बळकट वाटते. 1982 मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून, एरवी कायदेशीर असलेल्या कामात अनुषंगाने होणाऱ्या हानीसाठी परवाना देण्याची सोय केली. जर कायद्यात फक्त जाणूनबुजून, थेट प्राण्यावर रोखलेली कृत्येच निषिद्ध असती, तर जमीनमालकाला अधिवास संवर्धन आराखडा करून असा परवाना घेण्याची गरजच काय उरली असती? जी गोष्ट निषिद्ध नाही तिच्यासाठी परवाना कुणी मागत नाही.

आपण कदाचित म्हणाल की लिंक्सच्या बाबतीत ही व्याख्या फार क्वचित वापरली गेली आहे, आणि राष्ट्रीय वनांत तर प्रत्येक तोडणीपूर्वी वनखात्याला आपल्या सेवेशी विचारविनिमय करावाच लागतो, तो पुढेही चालू राहील. यातला दुसरा भाग खरा आहे. पण सगळे जंगल राष्ट्रीय वन नाही. मेनचे उदाहरण घ्यावे. अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेच्या उरलेल्या 48 राज्यांतील लिंक्सची सर्वांत मोठी वस्ती उत्तर मेनमध्ये आहे. तेथील राज्य सरकारच्या अंदाजाने ती एक हजारांहून अधिक आहे. आणि ते जंगल बहुतांशी खाजगी मालकीचे, लाकूडतोडीचे जंगल आहे. तेथे सरकारी जमिनीवरच्या विचारविनिमयाची तरतूद पोहोचत नाही. तेथे पोहोचते ती ‘हानी’ची व्याख्या.

मेनची कथा थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिने माझ्या मनातल्या काही सोप्या समजुती मोडल्या. 1970 च्या दशकात आणि 1980 च्या पूर्वार्धात तेथे स्प्रूस बडवर्म या अळीची मोठी साथ आली. ही अळी फर आणि स्प्रूसच्या कोवळ्या अंकुरांवर जगते, आणि लागोपाठ काही वर्षे पाने गेली की झाड मरते. मरणारे लाकूड हातचे जाऊ नये म्हणून कंपन्यांनी विस्तीर्ण पट्टे सरसकट तोडले. त्या उघड्या माळांवर, काही ठिकाणी पानगळीच्या झाडांवर तणनाशक फवारल्यामुळे, फर आणि स्प्रूसची रोपे अतिशय दाट उगवली. पंधरा ते पस्तीस वर्षांच्या वयात असा झाडोरा सशांसाठी सर्वोत्तम असतो. ससे वाढले, आणि त्यांच्यामागून लिंक्स वाढला. जी तोड पाहून त्या काळी लोक हळहळले असतील, तिच्याच जागी पुढे लिंक्सची घरे झाली. कुऱ्हाड लागली की लिंक्स मेला, असे सरसकट म्हणणे त्यामुळे चुकीचे आहे, आणि ही गोष्ट लाकूड व्यवसायातल्या लोकांनी आम्हा निसर्गप्रेमींना ऐकवली तर ती आम्ही ऐकून घेतली पाहिजे.

परंतु कथा तेथे संपत नाही. तो झाडोरा आता वयाने मोठा होत आहे; खालच्या फांद्या सुकून गळत आहेत आणि खोडांच्या मधली जागा मोकळी होत आहे, म्हणजे सशाचे ताट आणि छप्पर दोन्ही वर, त्याच्या आवाक्याबाहेर चालले आहे. दरम्यान, 1989 च्या राज्याच्या वनकायद्याने सरसकट तोडीवर बंधने आणली, आणि कंपन्या थोडी थोडी झाडे काढण्याच्या पद्धतीकडे वळल्या. ही पद्धत दिसायला सौम्य असते, परंतु तिच्यातून तसा दाट झाडोरा उगवत नाही, आणि अशा जंगलात सशांची घनता पूर्वीच्या तोडीनंतरच्या झाडोऱ्याच्या मानाने बरीच कमी आढळते. मेनमध्ये आज लिंक्स भरपूर आहे म्हणून तो उद्याही राहील, असे म्हणता येत नाही. त्यासाठी कोणत्या पट्ट्यात केव्हा तोडायचे, काय उगवू द्यायचे आणि कोणता झाडोरा कोणत्या वयापर्यंत हात न लावता ठेवायचा, याचा विचार चाळीस-पन्नास वर्षांच्या हिशेबाने कुणीतरी करावा लागतो. काही जमीनमालकांनी सरकारी प्रोत्साहन योजनेखाली असे आराखडे स्वेच्छेने केले, आणि 2014 मध्ये आपल्या सेवेने त्यांच्या जमिनी अत्यावश्यक अधिवासातून, म्हणजे प्रजाती टिकण्यासाठी आवश्यक म्हणून कायद्याखाली आखलेल्या प्रदेशातून, वगळून त्यांचा मान राखला. ती योग्य देवाणघेवाण होती असे माझे मत आहे. पण अशी देवाणघेवाण होते, कारण दुसऱ्या बाजूला कायदा उभा असतो. ‘हानी’ म्हणजे अधिवासाचीही हानी हे नियमातून गेले, तर उद्या कोणता हिशेबनीस आपल्या कंपनीला लिंक्ससाठी झाडोरा राखून ठेवायला सांगेल?

मोंटानातले चित्र वेगळे आहे, आणि मेनचा धडा तेथे जसाच्या तसा लावता येत नाही. जॉन स्क्वायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीली लेकच्या परिसरात अनेक हिवाळे लिंक्सचा माग काढून दाखवले की तेथे लिंक्स हिवाळ्यात जुन्या, अनेक थरांच्या स्प्रूस-फरच्या जंगलात राहतो, जेथे उंच झाडांखाली लहान झाडे आणि त्यांच्या फांद्या बर्फापर्यंत आलेल्या असतात. म्हणून 2007 मध्ये उत्तर रॉकीजमधील राष्ट्रीय वनांसाठी जे निर्देश झाले, त्यांत सशांच्या अधिवासातील कोवळ्या झाडांची विरळणी करण्यावर मर्यादा घातल्या गेल्या. आग रोखण्याच्या नावाखाली या मर्यादा सैल करण्याची मागणी आता वारंवार होते. वस्तीजवळ विरळणी आवश्यक आहे, हे मी मान्य करते. घरे जळू द्यावीत असे कुणीच म्हणणार नाही. पण वस्तीपासून वीस मैल आत, डोंगरमाथ्यावरच्या थंड, ओल्या जंगलात तेच परिमाण लावणे हे जंगल न पाहता केलेले काम आहे. स्नोमोबाइलने दाबलेल्या वाटांवरून कोयोटी लिंक्सच्या प्रदेशात शिरतात की नाही, या प्रश्नावर युटा आणि मोंटाना येथील अभ्यासांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत; म्हणून त्या बाबतीत मी काही मागणी करत नाही. जेथे पुरावा स्पष्ट आहे तेथेच आग्रह धरावा, असे मला वाटते, आणि दाट आडोशाच्या बाबतीत तो स्पष्ट आहे.

वॉशिंग्टन राज्याने आगीची बाजू दाखवली आहे. 2006 मध्ये ओकानोगनच्या डोंगरांत ट्रायपॉड नावाच्या वणव्याने सुमारे 1 लाख 75 हजार एकर जंगल जाळले, आणि त्यात राज्यातला लिंक्सचा उत्तम अधिवास होता. जळालेल्या जागी झाडोरा पुन्हा दाट होईपर्यंत दशके जातात. 2017 मध्ये त्या राज्याने लिंक्सला आपल्या यादीत धोकाग्रस्त वर्गातून अधिक गंभीर अशा संकटग्रस्त वर्गात नेले. कॉलव्हिल आदिवासी जमातींनी मात्र वाट पाहिली नाही. 2021 च्या शरद ऋतूपासून ते ब्रिटिश कोलंबियातून लिंक्स आणून केटल डोंगररांगेत सोडत आहेत, दर वर्षी दहा, पाच वर्षे, असा त्यांचा संकल्प आहे. आपल्या पूर्वजांच्या भूमीवर एक हरवलेले जनावर परत आणणाऱ्या या लोकांना केंद्रीय कायद्याने निदान एवढा भरवसा द्यावा की सोडलेल्या लिंक्सच्या पायाखालचे जंगल काढून घेतले जाणार नाही.

कोलोरॅडोनेही असेच कष्ट केले. 1999 मध्ये सोडलेल्या पहिल्या काही लिंक्सपैकी काही उपासमारीने मेले. मग त्यांना सोडण्यापूर्वी अधिक काळ ठेवून, पोसून, वसंतात सोडण्यात येऊ लागले. 2006 पर्यंत कॅनडा आणि अलास्कातून आणलेले 218 लिंक्स तेथे सोडले गेले, आणि आज दक्षिण रॉकीजमध्ये त्यांची पिल्ले वाढतात. सान हुआन डोंगरांत भुंग्याने उभे स्प्रूस मोठ्या प्रमाणावर मारले, तरी खालचा फरचा जिवंत थर शाबूत आहे तेथे लिंक्स राहतोच, हेही संशोधनात दिसले आहे. मेलेली झाडे काढून न्यायला यंत्रे आत शिरली तर तो थर चिरडला जातो. तरीही 2014 मध्ये सुमारे 39 हजार चौरस मैलांचा अत्यावश्यक अधिवास ठरवताना आपल्या सेवेने कोलोरॅडोला वगळले. 2016 मध्ये मोंटानाच्या न्यायालयाने ते अयोग्य ठरवले, आणि अखेर गेल्या नोव्हेंबरमध्ये आपण दक्षिण रॉकीज समाविष्ट करणारा सुधारित प्रस्ताव मांडला. त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानते. तो प्रस्ताव अजून अंतिम झालेला नाही.

मार्च 2000 मध्ये लिंक्सला धोकाग्रस्त घोषित करताना आपल्या सेवेने जे मुख्य कारण दिले होते, ते शिकारीचे नव्हते. राष्ट्रीय वनांच्या आराखड्यांत लिंक्सच्या अधिवासाच्या रक्षणाची पुरेशी तरतूद नाही, हे ते कारण होते. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी आपणच निदान केले होते की हे जनावर बंदुकीपेक्षा जंगलाच्या हेळसांडीने संपेल. मिनेसोटात लिंक्सच्या सापळ्यांचा हंगाम 1984 पासून बंद आहे; येथे त्याला कुणी मारत सुटलेले नाही. अशा प्राण्याच्या बाबतीत हानीची व्याख्या थेट कृत्यापुरती उरली, तर ज्या एका संकटातून त्याला वाचवायचे आहे तेच संकट कायद्याच्या कक्षेबाहेर जाईल.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत. 17 एप्रिलचा प्रस्ताव मागे घ्यावा. व्याख्या संदिग्ध वाटत असेल तर ती काढून टाकण्याऐवजी अधिक स्पष्ट करावी. कोणत्या प्रजातीसाठी कोणत्या प्रकारचा बदल हानीकारक ठरतो, याची मार्गदर्शिका काढली तर जमीनमालकांचाही गोंधळ कमी होईल, आणि लिंक्सच्या बाबतीत ती लिहिण्याइतका पुरावा आपल्याकडे नक्कीच आहे. दक्षिण रॉकीजचा समावेश असलेला अत्यावश्यक अधिवास अंतिम करावा. मेनमध्ये स्वेच्छेने आराखडे करणाऱ्या मालकांना मिळणारे साहाय्य वाढवावे, कारण त्यांच्या हातात लिंक्सचे सर्वांत मोठे घर आहे. आणि सुपीरियर राष्ट्रीय वनात हिवाळ्यात माग काढून विष्ठा व केस गोळा करण्याचे, त्यांतून एकेका लिंक्सची जनुकीय ओळख पटवण्याचे जे काम अनेक वर्षे चालले आहे, त्याला निधीअभावी खंड पडू देऊ नये. येथील लिंक्स ओंटारिओची सीमा ओलांडून जातात आणि परत येतात. ते किती आहेत आणि कुठे आहेत हे ठाऊक नसेल तर कोणताही निर्णय अंधारात होईल.

हे पत्र वाचणाऱ्या मराठी बांधवांना आणि भगिनींना एवढेच सांगते, की हरकत नोंदवायला वकील लागत नाही. केंद्र सरकारच्या नियमांच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या शब्दांत चार ओळी लिहिल्या तरी त्या नोंदीत येतात आणि सेवेला त्यांची दखल घ्यावी लागते. नागरिकत्व नसले तरी चालते. तयार मजकूर चिकटवण्यापेक्षा आपण काय पाहिले आहे ते लिहावे. सुपीरियर सरोवराच्या नॉर्थ शोरला, म्हणजे उत्तर किनाऱ्याला, जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी गाडीपुढून काळ्या टोकाच्या आखूड शेपटीचे, कानांवर तुरे असलेले मांजर गेले असेल, तर तेही लिहावे.

मे महिन्याचा हा दुसरा आठवडा आहे. इझाबेलाच्या उत्तरेला सावलीत अजून बर्फाचे ढीग आहेत. याच दिवसांत लिंक्सची मादी पडलेल्या झाडांच्या गुंत्याखाली, मुळांच्या कपारीत, जमिनीवरच पिल्ले घालते. ती गुहा खणत नाही आणि गवताचे अंथरूणही करत नाही. तिच्यासाठी वादळाने आडवी केलेली झाडे आणि त्यांतून वर आलेला फरचा झाडोरा एवढेच घर असते. आपला निर्णय होईल तेव्हा ती पिल्ले आईच्या मागून चालू लागलेली असतील.

कळावे,

आपली विश्वासू,
डुलुथ येथील एक मराठी रहिवासी